मिस्त्री, पाटा तुम्ही दाखवला होता

मिस्त्री,

तुम्ही गेल्यानंतरचा हा दुसरा रविवार. पहिल्या रविवारी तुमच्या घरी माणसं होती. भंतेजी आले, वंदना झाली. तुमच्या अनसूयाबाईंच्या शेजारी सतरंजीवर मी तासभर बसून होते, आणि रडू आलं तेव्हा आजूबाजूला रडणारी आणखीही होती. तो दिवस तसा निघाला. आज मात्र सकाळी साडेआठला सवयीनं चावी घेऊन अंगणात आले. गाडी जॅकवर घेतली. ते मला येतं, तुम्हीच शिकवलंत. पुढचं चाक वर-खाली हलवून पाहिलं तर ढिलं लागलं. ते बेअरिंगमुळे की चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनमुळे, हे ओळखायचं तर एकानं आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्यानं चाक हलवायचं. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर किंगपिन. चौदा वर्षं तुम्ही चाकापाशी आणि मी ब्रेकवर.

"दाबा, बाई! सोडा! आता पुन्ना दाबा, आन् जोर लावून दाबा, पेशंटची नाडी न्हाई ती!"

दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, की डॉक्टरीणबाईंना हुकूम सोडणारा हा कोण.

आज मी चाकापाशी होते आणि ब्रेकवर कुणी नव्हतं. थोडा वेळ तशीच मातीत बसून राहिले. मग जॅक उतरवला आणि हात धुतले.

तुमचा जन्म कुठला, शाळा कितवीपर्यंत, हे मला आजही नीट ठाऊक नाही. तुम्हाला माझ्याबद्दल यापेक्षा जास्त ठाऊक होतं, कारण तुम्ही विचारायचात. आपली ओळख झाली तीसुद्धा तुमच्या प्रश्नांमुळेच. चिंचवडला दवाखाना काढून मला तीन-चार वर्षं झाली होती. बाबा गेल्यावर त्यांची जुनी विलायती गाडी माझ्याकडे आली होती: काळी, उंच, चारही चाकांवर पोलादी पट्ट्यांचे पाटे, बैलगाडीची थोरली बहीण वाटावी अशी. कारखाने अजून बोटांवर मोजण्याइतके होते. तळवड्यापासून चाकणपर्यंत सगळी शेतं, आणि त्या शेतांतल्या गावांतून बाळंतपणाला बोलवायला माणसं सायकलवर यायची. एकटी बाई स्वतः गाडी चालवत आलेली बघून घरातली माणसं आधी गाडीकडे बघत, मग माझ्याकडे, आणि मग कुठे आत नेत.

ती गाडी डावीकडे ओढायची आणि पुढून ठकठक वाजायची. पिंपरीतल्या एका गॅरेजनं दोनदा शॉकअप बदलले तरी फरक नव्हता. कासारवाडीला रस्त्याकडेला तुमची पत्र्याची शेड दिसली म्हणून थांबले. तुम्ही पान्हा हातात घेतलाच नाहीत.

"आवाज कवा येतो? खड्ड्यात उतरताना का वर चढताना?"

"मी तसं लक्ष दिलं नाही."

"ब्रेक मारल्यावर येतो?"

"येतो बहुतेक."

"बहुतेक न्हाई चालायचं, बाई. एखादा आला आन् म्हनला, बहुतेक दुखतंय, तर तुमी लगीच सुई टोचता का?"

मला राग आला होता, आता सांगते. पण तुम्ही रस्त्यावरची एक काटकी उचललीत, ती उजव्या मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत धरून मोडलीत आणि तीच काटकी डावीकडे लावून दाखवलीत. डावीकडे ती दोन बोटं जास्त भरली. "गाडी खांदा पाडून हुबी हाय. शॉकअपचा काय गुना? शॉकअप उड्या थांबवतो. गाडीचा भार पाट्यावर." पाटा सोडवल्यावर मधली एक पट्टी आतल्या आत तुटलेली निघाली, आणि टोकाच्या कडीतलं रबर झिजून पावडर झालेलं. पट्टी बदलल्यावर गाडी सरळ धावली. मी घरापर्यंत दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होते, ओढेल म्हणून. ओढली नाही.

मग रविवार सुरू झाले. तुमची शेड रविवारी बंद असायची आणि तुम्ही माझ्या अंगणात यायचात. कधी ग्रीस भरायला, कधी नुसतं मडगार्ड दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजायला. एकदा हलून थांबली तर ठीक. दोनदा-तीनदा हलली तर शॉकअप गेला. त्या करकर आवाजाचे तीन रविवार आठवतात? तुम्ही पुढचे पाटे धुतलेत, मागचे धुतलेत, पट्ट्यांमध्ये ग्रीस भरलंत, सगळे यू बोल्ट आवळलेत. आवाज जाईना. तिसऱ्या रविवारी तुम्ही मागच्या सीटखाली, पायांच्या जागेत आडवे झालात आणि मला निगडीपर्यंत गाडी चालवायला लावलीत. परत आल्यावर धुळीनं पांढरे होऊन बाहेर निघालात आणि माझी बाळंतपणाची पत्र्याची पेटी माझ्यापुढे ठेवलीत. तिची कडी करकरत होती.

"गाडी ठणठणीत हाय, बाई. पेटीला तेल द्या."

मी इतकी हसले होते की शेजारच्या काकू कुंपणापाशी आल्या. माझ्या घरात मोठ्यानं हसण्याचा आवाज फारसा कुणी ऐकला नव्हता. तेव्हाही नाही आणि आता तर नाहीच.

पण हे सगळं मी लांबवतेय. मला त्या पाट्याबद्दल लिहायचं आहे.

पावसाळा संपत आला होता. तुम्ही नेहमीप्रमाणे पुढचा उजवा पाटा रॉकेलनं धुतलात, पुसून कोरडा केलात आणि शाळेतला खडू कुटून त्यावर भुरभुरवलात. थोड्या वेळानं त्या पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटली.

"फटीत शिरल्यालं रॉकेल भायेर येतंय. ही थोरली पट्टी हाय. हिच्यावरच चाक टांगलंय."

नवी पट्टी पुण्याहून घडवून आणावी लागणार होती. गाडी चार दिवस उभी ठेवायची होती. मी म्हणाले, सोमवारी देते. तापाची साथ होती, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, चार दिवस गाडीवाचून कसे काढू, असं मला वाटलं. "मंग तवर चाकणच्या पल्याड न्यायची न्हाई," तुम्ही बजावलंत. "डांबरावर चालवा, सावकाश." मी मान हलवली. तो सोमवार गेला, पुढचा गेला, तिसराही गेला. मधल्या काळात मी दोनदा चाकणच्या पलीकडे जाऊन आले. काही झालं नाही. मग ती रेघ मला आठवेनाशी झाली.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला बबन सायकल मारत आला. भामेच्या काठच्या गावातला तरुण शेतकरी; गावाचं नाव इथे लिहीत नाही. त्याची बायको हौसा, पहिलटकरीण, आदल्या दुपारपासून कळा, सुईणीनं हात टेकलेले. मी त्याला गाडीत घातलं आणि निघाले. कासारवाडीला तुम्ही शेडबाहेर उभे होतात. मला नाशिकच्या रस्त्याला वळताना बघितलंत आणि हात पसरून सरळ गाडीपुढे आलात.

"कुटं निगाला?"

मी गाव सांगितलं.

"बाई, धा मिंटं थांबा. वखारवाल्याची जीप मागून आनतो."

"दहा मिनिटं नाहीत माझ्याकडे."

"त्या वाटंवर ह्यो पाटा टिकायचा न्हाई."

"दोनदा टिकलाय."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी दोनदा जाऊन आल्याचं तुम्हाला तेव्हा कळलं. आत गेलात, जॅक, साखळी, दोरखंड आणि बाभळीचे दोन ठोकळे आणून मागे टाकलेत आणि शेजारी बसलात. "येताना मी चालवनार," एवढंच म्हणालात.

हौसाला बघितल्याबरोबर समजलं, मूल अडलंय, शस्त्रक्रिया लागणार, पुण्याला न्यावं लागणार. पोटावर लाकडी नळी लावली तर ठोके नीट ऐकू येत होते. तिला मागच्या सीटवर निजवलं, डोकं सासूच्या मांडीवर. मी खाली पायांच्या जागेत गुडघ्यांवर बसले. बबन पुढे. तुम्ही गाडी अशी चालवत होतात की चाकानं प्रत्येक दगड आधी चाचपून बघावा. तरीही डांबरी रस्ता दिसायला लागल्यावर, एका चाकोरीतून वर येताना, तो आवाज झाला. बंदुकीसारखा. गाडी उजवीकडे बसली आणि चाक मागे सरून मडगार्डला घासलं.

तुम्ही खाली उतरलात आणि लगेच कामाला लागलात. बबन बैलगाडी बघायला पळाला. ती मिळाली नाही, की मिळूनही बैल लांब होते, मला आता आठवत नाही. तुम्ही जॅक लावून गाडी उचललीत, साखळीनं आस पुढे ओढून बांधलात, ठोकळे पाचरीसारखे ठोकलेत, वरून दोरखंड आवळलात. हाताला लागलं होतं. दोरखंड लाल झाला होता. ऊन वर आलं होतं. बबन कुठूनसा तांब्या घेऊन आला. त्यानं माझ्या हातात तांब्या दिला, आणि तुमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. तुम्ही प्यालात आणि पुन्हा खाली गेलात. मी ते पाहिलं. मी हौसाच्या पोटाला नळी लावून बसले होते म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते पुरतं खरं नाही.

सव्वा तास लागला. तेवढ्या वेळात ठोके मंदावले होते. मग तुम्ही बैलाच्या चालीनं गाडी काढलीत. मी दर थोड्या वेळानं नळी लावत होते. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडताना ऐकू आलं नाही. नळी हलवली, दुसरीकडे लावली, श्वास धरून ऐकलं. सासू विचारत होती, "बाई, हाय ना बरं?" मी मान वर केली तेव्हा आरशात तुमचे डोळे दिसले. तुम्ही लगेच रस्त्याकडे बघितलंत.

हौसा वाचली. मुलगा गेलेलाच जन्मला.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बबन आणि मागून आलेला त्याचा चुलता उभे होते. बबन माझ्यापाशी आला. "बाई, गाडी मोडली नसती तर?" त्यानं आरोप केला नव्हता, मिस्त्री. त्याला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी तोंड उघडलं. शब्द जुळवायला मला जरा उशीर झाला, आणि तेवढ्यात तुम्ही माझ्या पुढे येऊन उभे राहिलात.

"बाईंचा काय दोष न्हाई. गाडी माज्याकडं व्हती. पाटा मी तपासला व्हता, माज्या नजरंतून सुटलं."

चुलत्यानं तुमची गचांडी धरली. काय काय बोलला ते मी लिहीत नाही. तुमची जातही त्यात आली. तुमचे हात खाली होते, फडकं गुंडाळलेले. मी मध्ये पडले, "सोडा त्यांना, सोडा," म्हणाले. दोष माझा आहे, हे म्हणाले नाही.

त्या सव्वा तासानंच मूल गेलं का, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. अडलेलं मूल घरून निघाल्यावर सरळ पोचलं असतं तरीही गेलं असतं, असं होतं कधी कधी. पण दहा मिनिटं थांबून जीप घेतली असती तर हा विचार करायची पाळी आली नसती. आणि तीन सोमवारांपैकी एका सोमवारी गाडी तुमच्या ताब्यात दिली असती, तरीही नसती आली.

त्यानंतर दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मी निरोप पाठवला तर उलट निरोप आला, "गाडी दुसरीकडं न्या." लोकांना वाटलं, आपल्या चुकीची लाज वाटून तुम्ही येत नाही. मला कारण माहीत होतं. तुम्ही दोष अंगावर घेतलात म्हणून रागही गिळलात, असं मुळीच नाही. तुम्ही संतापला होतात. मला ते बरं वाटत होतं, कारण माझ्यावर संतापलेलं त्या वेळी दुसरं कुणीच नव्हतं. गावात उलट माझं नाव मोठं झालं होतं, बाईंनी गाडीत गुडघ्यावर बसून हौसाला वाचवली म्हणून.

मग एका रविवारी तुम्ही फाटक उघडून आलात. माझ्याकडे न बघता मडगार्ड दाबलंत, मोजलंत आणि म्हणालात, "डावा शॉकअप गेलाय." मी चहा टाकला. चहा पिताना मी म्हणाले, "मी जाऊन खरं सांगते त्यांना."

"आन् मंग?"

"मग काय? खरं ते खरं."

"मंग पुडच्या खेपेला तुमाला बोलवनार न्हाईत. सुईनीच्या हाती एकादी मरंल. मला न्हाई बोलावलं तर त्यांची गाडी दुसरा कोन बी दुरुस्त करंल."

"पण तुम्हाला किती बोलले ते..."

"बाई, माजं नाव ऐकून त्यास्नी नवल वाटलं का? न्हाई वाटलं. तुमचं ऐकलं असतं तर तुमच्यावर पुन्ना इस्वासच ठिवला नसता." तुम्ही कप खाली ठेवलात. "ऱ्हाऊ द्या."

मी राहू दिलं. मला ते सोयीचं होतं. तुम्ही ज्या बायकांचं नाव घेऊन मला गप्प केलंत त्यांची बाळंतपणं मी पुढे केलीही. हौसाच्या दोन्ही मुली माझ्याच हातच्या. दुसऱ्या मुलीच्या वेळी ती माझ्या पाया पडली तेव्हा मी पाय मागे घेतले. तिला वाटलं, बाई किती साध्या.

तुमचं काय झालं ते मला रस्त्यावरून दिसत होतं. चाकणच्या बाजूच्या जीपवाल्यांनी तुमच्याकडे येणं सोडलं. "कासारवाडीच्या मिस्त्रीला फुटका पाटा दिसत न्हाई," असं एसटीत बोललेलं मी स्वतः ऐकलं, आणि खिडकीबाहेर बघत बसले. वर्ष-दीड वर्षात तुम्ही शेड सोडलीत आणि चिंचवडच्याच एका कारखान्यात दुरुस्ती खात्यात लागलात. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, भोंगा. ज्या माणसानं हाताखाली राहायचं नाही म्हणून स्वतःची शेड टाकली होती, तो हजेरीचा बिल्ला खिशाला लावून माझ्या फाटकावरून जायला लागला. रविवार मात्र तुम्ही मोडला नाहीत. मी एकदा भीत भीत विचारलं, सुटीच्या दिवशीही हेच काम, कंटाळा नाही येत? तुम्ही म्हणालात, "हितं कोन शिट्टी मारत न्हाई."

नऊ वर्षांत मी तुम्हाला आणखी दोनदा विचारलं. दरवेळी तुम्ही "ऱ्हाऊ द्या" म्हणालात आणि दरवेळी मला हलकं वाटलं. तुम्ही जाण्याच्या जवळपास तीन आठवडे आधी मी पुन्हा विचारलं. तुम्ही गाडीखाली होतात. फक्त पाय दिसत होते.

"मिस्त्री, आता तरी सांगू का त्यांना?"

ग्रीसगनचा आवाज थांबला.

"सांगायचं असंल तर सांगा की. मला का इचारता?"

"तुमची हरकत असेल तर..."

"बाई, मी न्हाई म्हनावं म्हनून तुमी इचारता."

मला इतका राग आला की मी घरात निघून गेले. तुम्ही काम संपवलंत, नळावर हात धुतलेत आणि चहा न घेता गेलात. त्यानंतर दोन रविवार आलात. आपण किंगपिनबद्दल बोललो, पेट्रोलबद्दल बोललो, अनसूयाबाईंच्या गुडघ्याबद्दल बोललो. तिसऱ्या रविवारच्या आधी गुरुवारी सेकंड शिफ्टला जाताना तुम्ही कंपनीच्या दारातच कोसळलात. मला निरोप आला तेव्हा मी दवाखान्यात एका मुलाचा घसा तपासत होते. चमचा त्याच्या तोंडात तसाच राहिला.

तुम्ही नाही म्हणावं म्हणूनच मी विचारत होते. तुम्ही बरोबर होतात.

म्हणून आज जॅक उतरवल्यावर मी निघाले. ढिल्या चाकाची गाडी घेऊन गेले नाही, एवढं तुम्हाला सांगते. एसटीनं चाकणला उतरले आणि पुढे चालत. ती वाट आता खडीची झाली आहे. ती चाकोरी कुठे होती ते मला ओळखता आलं नाही.

हौसा ओट्यावर शेंगा फोडत होती. बबन ओव्हरटाइमला गेला होता. तोही आता कंपनीत आहे. "बाई, तुमी? आन् चालत?" ती लगबगीनं उठली, मुलीला चहा टाकायला सांगितला. मी म्हणाले, आधी ऐक. उभ्यानंच सांगितलं. रेघ मिस्त्रींनी दाखवली होती. तीन सोमवार मी घालवले. जीप आणतो म्हणाले तर मी थांबले नाही. व्हरांड्यात त्यांनी आपल्यावर घेतलं आणि मी घेऊ दिलं. ते आता गेले.

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. आतून मुलगी विचारत होती, साखर किती घालू.

"म्हंजे आमी नऊ वर्सं भलत्याच मानसाला शिव्या दिल्या."

"हो."

"आन् तुमी माज्या दोन्ही पोरींच्या येळंला हितं व्हता. तवा बी न्हाई बोलला."

"नाही बोलले."

मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदरात साचलेली टरफलं झटकली, चपला पायांत घातल्या आणि म्हणाली, "तुमाला काय म्हनायचं ते मी मागनं बगन. आदी मला त्यांच्या घरी न्या."

एसटीत ती खिडकीशी बसली. मोशीचा पूल आला तेव्हा मी डोळे मिटले; तिनंही मिटले का, ते दिसलं नाही. कासारवाडीला आम्ही उतरलो.

अनसूयाबाई दारातच होत्या. हौसा पुढे झाली. "मी हौसा. गाडीचा पाटा तुटला, तवा गाडीत मी व्हते. मिस्त्रींचा काय दोष न्हवता. बाईंनी आज सांगितलं." आणि मी तिला सांगितलं होतं तसंच सगळं तिनं सांगितलं. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही.

मिस्त्री, मला इतकी वर्षं वाटत होतं की निदान घरी तरी तुम्ही खरं सांगितलं असेल. अनसूयाबाईंनी दाराची चौकट धरली. माझ्याकडे बघितलंही नाही. हौसाला म्हणाल्या, "मला कवा बोलले न्हाईत गं. शेड गेली तवा मी लई बोलले त्यास्नी. तुमच्या डोळ्यांपायी गेली म्हनले. नुसतं ऐकून घ्यायचे."

हौसानं त्यांना धरून आत नेलं. दोघी सतरंजीवर बसल्या. आधी अनसूयाबाई रडल्या, मग हौसा रडली, ती बहुधा त्या मुलासाठी. मग अनसूयाबाई तुमच्याबद्दल सांगायला लागल्या. हौसा मध्येमध्ये विचारत होती, मिस्त्रीदादांना काय आवडायचं, मिस्त्रीदादा घरी कवा यायचे. त्या गावच्या तोंडून तुमचं नाव असं घेतलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मी बाहेर पायरीवर बसून ऐकत होते. मला कुणी आत बोलावलं नाही, आणि मी उठून गेले नाही.